क्रमवारीची मोजपट्टी

येलदरीच्या धरणात पूर्णेचे पाणी किती चढले, ते एका आकड्यात सांगता येते. कालव्याच्या टोकाच्या शेतात ते पोहोचले की नाही, हे मात्र त्या आकड्यावरून कळत नाही. विद्यापीठांच्या क्रमवारीचा विचार करताना हा भेद ध्यानात ठेवावा, अशी माझी विनंती आहे.

आपल्या भागाचा इतिहास पाहा. १९१८ साली हैदराबादेस उस्मानिया विद्यापीठ निघाले. त्याचे माध्यम उर्दू. मराठी मुलाला घरही दूर आणि भाषाही दूर. १९४८ साली निजामी राजवट संपली. १९५० मध्ये डॉ. आंबेडकरांच्या संस्थेने औरंगाबादेस महाविद्यालय काढले. त्याच वर्षी नांदेडला पीपल्स कॉलेज सुरू झाले. २३ ऑगस्ट १९५८ रोजी मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले. १९७२ साली परभणीस कृषी विद्यापीठ, १९९४ साली नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठ आले. या साऱ्या धडपडीमागचा प्रश्न एकच होता : शिक्षण आमच्या दाराशी केव्हा येणार? आमचे विद्यापीठ कितवे, हे कोणी विचारीत नव्हते.

तो प्रश्न पुढे बाहेरून आला. २००३ साली शांघायच्या एका विद्यापीठाने जगाची यादी प्रसिद्ध केली. चिनी विद्यापीठे इतरांच्या किती मागे आहेत, हे पाहण्याचा तो खटाटोप. त्यात नोबेल पारितोषिके आणि शोधनिबंध यांना मान. आपल्या केंद्र सरकारने २०१५ मध्ये स्वतःची चौकट आखली आणि २०१६ मध्ये पहिली क्रमवारी लावली. तीत विद्यापीठांसाठी संशोधनाला शंभरांपैकी ३० गुण आहेत. स्त्रिया, दुर्बल घटक व परप्रांतीय विद्यार्थी यांना सामावून घेण्याला १०. शांघायच्या यादीत हे १० देखील नव्हते, हे न्यायबुद्धीने मान्य केले पाहिजे.

परंतु मोजपट्टी लवकरच द्वारपाल झाली. २०१७ च्या श्रेष्ठता-योजनेत निवडलेल्या संस्थेने दहा वर्षांत जगातील पहिल्या पाचशेंत यावे, अशी अपेक्षा ठेवली गेली. २०१८ मध्ये अनुदान आयोगाने स्वायत्ततेच्या श्रेणी ठरविल्या. मूल्यांकनात ३.५ गुण किंवा जागतिक यादीत पाचशेच्या आत स्थान असणाऱ्यास नवे अभ्यासक्रम आयोगाच्या परवानगीवाचून सुरू करण्याची मोकळीक मिळाली. म्हणजे ज्याच्यापाशी आहे, त्यालाच अधिक! जिथे प्राध्यापकांच्या जागा रिकाम्या, तिथे संशोधन थोडे. संशोधन थोडे म्हणून गुण थोडे. गुण थोडे म्हणून अधिकारही थोडे. हे चक्र कोणी थांबवावयाचे?

मोजणे बंद करा, असे मी म्हणत नाही. धरणाची मोजपट्टी कोणी उपटून टाकीत नाही. पण पाणी सोडताना टोकाचे शेत विचारात घ्यावे लागते. घरातून प्रथमच महाविद्यालयाची पायरी चढलेली जिंतूर तालुक्यातली मुलगी पदवी घेऊन बाहेर पडली, तर तिचे मोल त्या शंभर गुणांत कितीसे उतरते? धोरण आखणाऱ्याने यादी जरूर वाचावी. मात्र एकदा कालव्याच्या टोकापर्यंत चालतही जावे.