सोन्याचा कोट

सोनं पिवळं, हे आपल्याला लहानपणापासून पाठ. पण १८५७मध्ये लंडनमध्ये मायकेल फॅरडेनं माणकासारखं लाल सोनं दाखवलं. सोन्याच्या क्षाराच्या द्रावणात फॉस्फरस घातला की पाण्यात तरंगत राहतील इतके बारीक कण तयार होत. पण मीठ पडलं की ते एकमेकांना चिकटत आणि लाल रंग निळा होई.

कण सुकवून ठेवायचे आणि हवे तेव्हा पुन्हा विरघळवायचे, हे जमायला १९९४ उजाडलं. लिव्हरपूल विद्यापीठात ब्रुस्ट, शिफ्रिन आणि सहकाऱ्यांनी सोन्याचा क्षार पाण्यातून टोल्युइनमध्ये आणला, थायॉल नावाचे सेंद्रिय रेणू मिसळले आणि सोडियम बोरोहायड्राइड घातलं. थायॉलमधलं गंधक सोन्याला घट्ट धरतं. कार्बनच्या शेपट्या बाहेर राहतात आणि शेजारच्या कणाला दूर ठेवतात. आम्हा कोडवाल्यांच्या भाषेत, कोअर तेच, रॅपर नवा. निबंध जेमतेम दोन पानांचा.

२००७मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांनी अशा कणांचे स्फटिक क्ष-किरणांखाली तपासले. प्रत्येक कणात सोन्याचे १०२ अणू, भोवती ४४ थायॉल. फॅरडेनं रंगावरून जे ओळखलं होतं, ते दीडशे वर्षांनी अणू मोजून सांगता आलं.