घट, जवारे आणि बियाण्याची परीक्षा

आश्विन लागला की दरवर्षी एक संदेश भ्रमणध्वनीवरून फिरू लागतो. त्याचा आशय असा : घटस्थापना हे मुळात धार्मिक कृत्य नसून आपल्या पूर्वजांनी घरात उभारलेली बीजपरीक्षण प्रयोगशाळा होती, रब्बीच्या पेरणीपूर्वी घरातले बियाणे उगवते की नाही हे पाहण्यासाठी ही प्रथा पडली.

हा दावा खरा आहे का? काही अंशी असावा. पण ज्या अंशी तो टिकत नाही, तो अंश मला अधिक महत्त्वाचा वाटतो. त्यासाठीच हा थ्रेड. लांब आहे, सवडीने वाचावा.

आधी घट म्हणजे नेमके काय, हे केवळ रोपे वाढवण्याची एक पद्धत म्हणून पाहू. आमचे गाव कारंजा (घाडगे), जिल्हा वर्धा. (लाडांचे कारंजे निराळे, ते वाशीम जिल्ह्यात.) भोवती संत्र्याच्या बागा, कपाशी, तूर, सोयाबीन. इकडे काय किंवा उर्वरित महाराष्ट्रात काय, कृती थोड्याफार फरकाने एकच. शेतातली काळी माती आणून ती चाळायची, पत्रावळीवर किंवा टोपलीत पसरायची, तीत धान्य पेरायचे आणि मधोमध मातीचा कोरा घट पाण्याने भरून ठेवायचा. शेजारी अखंड दिवा. हे सारे घराच्या आत, देवघराच्या कोपऱ्यात, जिथे ऊन पोचत नाही.

कोऱ्या मडक्याला पाझर असतो. त्यामुळे भोवतालच्या मातीला पाणी ओतावे लागत नाही किंवा फार थोडे ओतावे लागते; मातीला ओल हवी तेवढीच मिळत राहते. मडके मातीत पुरून त्याच्या पाझरावर रोपे वाढवण्याची हीच युक्ती इसवी सनपूर्व पहिल्या शतकातील एका चिनी कृषिग्रंथात नोंदलेली आहे आणि आजही कोरडवाहू भागात नव्या झाडांसाठी ती सुचवली जाते. चीनकडून आपल्याकडे किंवा आपल्याकडून चीनकडे काही गेले असे मला मुळीच म्हणायचे नाही. मडके आणि माती जिथे शेजारी असतील तिथे ही गोष्ट माणसाच्या लक्षात येणारच.

आता रंग. घटातली पाती हिरवीगार क्वचितच असतात. ती लांब, नाजूक आणि पिवळसर असतात. अंधारात उगवलेले रोप हरितद्रव्य तयार करू शकत नाही, कारण त्या प्रक्रियेची शेवटची पायरी प्रकाशावाचून पूर्ण होत नाही. असे रोप आपली सारी शक्ती उंची वाढवण्यात खर्च करते, जणू माती अजून डोक्यावरच आहे आणि तिला भेदून वर जायचे आहे. हे सगळे दाण्यात साठवलेल्या अन्नावर चालते. ते अन्न साधारण आठ-दहा दिवस पुरते. उत्सव नऊ रात्रींचा आहे हा योगायोग म्हणावा की निरीक्षण, याचा निर्णय मी करणार नाही. पण महिनाभर असा घट टिकला नसता, एवढे निश्चित.

पाती दाराकडे किंवा दिव्याकडे झुकलेली तुम्ही पाहिली असतील. चार्ल्स डार्विन आणि त्याचा मुलगा फ्रान्सिस यांनी नेमक्या अशाच गवतवर्गीय कोंभांवर प्रयोग केले. कोंभाच्या टोकावर टोपी घातली की तो प्रकाशाकडे वळत नाही, असे त्यांना आढळले. १८८० साली त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला आणि पुढे १९२० च्या दशकात फ्रिट्स वेंट याने ऑक्सिन या संप्रेरकाचे अस्तित्व दाखवून दिले. देवघरातल्या कोपऱ्यात वनस्पतिशास्त्राचा एक मोठा प्रश्न दरवर्षी नऊ दिवस उभा असे. तो प्रश्न म्हणून कोणी विचारला नाही, ही गोष्ट वेगळी.

‘घरात रोपे वाढवण्याचा इतिहास’ म्हणून जे वाचायला मिळते, त्याची सुरुवात बहुधा लंडनमध्ये होते. नॅथॅनियल वॉर्ड नावाच्या वैद्याने १८२९ साली एका बंद बाटलीत पतंगाचा कोश ओल्या मातीत ठेवला. कोशाचे राहिले बाजूला, मातीतून नेचा आणि गवत उगवून आले. त्यावरून काचेच्या बंद पेट्या निघाल्या, त्या इंग्रज घरांच्या दिवाणखान्यांत गेल्या आणि जहाजांवरही चढल्या. रॉबर्ट फॉर्च्यूनने चीनमधला चहा हिमालयाच्या पायथ्याशी आणला तो अशाच पेट्यांतून. (‘वॉर्डची पेटी’ हे नाव वर्धेकरांना आपलेसे वाटावे, पण संबंध काही नाही.)

त्याच १८२९ साली लंडनमध्येच आणखी एक पुस्तक निघाले : जेम्स टॉडच्या राजस्थानविषयक ग्रंथाचा पहिला खंड. त्यात उदयपूरच्या गौरी-उत्सवाचे वर्णन आहे. लहानसा चर खणून त्यात जव पेरतात, पाणी घालतात आणि तो उगवेपर्यंत त्याला कृत्रिम ऊब देतात. मग स्त्रिया त्याभोवती फेर धरतात आणि ते कोंभ पुरुषांना देतात. पुरुष ते पागोट्यात खोवतात. कृत्रिम ऊब! ज्या वर्षी लंडनच्या वैद्याला बाटलीतला नेचा दिसला, त्याच वर्षी छापलेल्या या ओळींकडे वनस्पतींच्या इतिहासकारांनी कधी ‘तंत्र’ म्हणून पाहिले नाही. तो ‘सण’ होता, आणि तो बायकांचा होता.

दसऱ्याला टोपीत किंवा केसांत घटातली पाती खोवणाऱ्या घरांतल्या वाचकांना हे वर्णन परके वाटणार नाही. पूर्व विदर्भात आणि त्याच्या उत्तरेला मध्य प्रदेशात जवारे आणि भुजली या नावांनी हीच परंपरा आढळते. परडीत किंवा मडक्यात गहू वा जव पेरायचा, अंधाऱ्या खोलीत ठेवायचा आणि मग स्त्रियांनी मिरवणुकीने नेऊन नदी-तलावात विसर्जित करायचा. जवारे चैत्रातही होतात आणि आश्विनातही. भुजली श्रावणात, राखीच्या सुमारास.

आणि आता अथेन्स. इसवी सनपूर्व पाचव्या शतकात तिथल्या स्त्रिया अ‍ॅडोनिसच्या नावाने फुटक्या खापरांत आणि मडक्यांत सालाड, बडीशेप यांसारख्या झटपट उगवणाऱ्या बिया पेरीत, त्या घराच्या छपरावर नेऊन ठेवीत आणि रोपे कोमेजली की पाण्यात सोडून देत. प्लेटोच्या ‘फीड्रस’ या संवादात सॉक्रेटिस विचारतो की, ज्याला आपल्या बियाण्याची कदर आहे असा शहाणा शेतकरी ते अ‍ॅडोनिसच्या बागेत पेरून आठ दिवसांत उगवलेले पाहून हरखेल, की योग्य जमिनीत पेरून आठव्या महिन्याची वाट पाहील? म्हणजे अथेन्सच्या तत्त्वज्ञाच्या दृष्टीने ही आठ दिवसांची बाग निव्वळ खेळ होता. खऱ्या शेतीच्या नेमकी उलट गोष्ट.

जेम्स फ्रेझरने ‘द गोल्डन बाउ’मध्ये अथेन्सच्या या कुंड्या, उदयपूरचा जव आणि उराँव-मुंडा मुलींनी हळद मिसळलेल्या वाळूत वाढवलेले पिवळे कोंभ एका माळेत ओवले. त्याचे उत्तर ठरलेले होते : सारखेच सारख्याला जन्म देते या समजुतीने केलेली ही जादू आहे. रोपे झरझर वाढली म्हणजे शेतातले पीकही तसेच वाढेल. फ्रेझरची पद्धत आज कोणी जशीच्या तशी स्वीकारत नाही आणि हजारो मैल, हजारो वर्षे एका उडीत ओलांडण्याची त्याची सवय तर मुळीच अनुकरणीय नाही. (हडप्पा येथील मुद्रेवर स्त्रीच्या देहातून रोप उगवलेले दाखवले आहे, देवीमाहात्म्यात देवी आपल्या देहातून उपजलेल्या शाकांनी जगाचे पोषण करण्याचे वचन देते आणि शाकंभरी ठरते. या दोहोंच्या मधली शतके कोणी भरून दाखवावीत, मग त्यांना एका ओळीत मांडावे.) तरी फ्रेझरच्या उत्तराची एक बाजू लक्षात ठेवण्याजोगी आहे : त्याला या कोंभांत परीक्षा दिसली नाही, मागणी दिसली.

आपल्या आगमग्रंथांत तिसरेच काही आहे. देवालयातील उत्सवापूर्वी ‘अंकुरार्पण’ करतात. पालिका नावाच्या मृत्तिकापात्रांत धान्य पेरून ती झाकून ठेवतात आणि उगवलेल्या कोंभांच्या रंगावरून व वळणावरून शुभाशुभ ठरवतात. तिरुमलैच्या ब्रह्मोत्सवाची सुरुवात आजही अंकुरार्पणाने होते. वराहमिहिराच्या ‘बृहत्संहिते’त आषाढी पौर्णिमेला धान्ये तोलून रात्रभर ठेवावीत आणि दुसऱ्या दिवशी जे वजनात वाढेल त्याचे पीक चांगले येईल, असा विधी सांगितला आहे. विदर्भातल्या वाचकांना इथे बुलढाणा जिल्ह्यातील भेंडवळ आठवेल. अक्षय्य तृतीयेला तिथे घटाभोवती धान्ये मांडतात आणि दुसऱ्या दिवशी पहाटे कोणता दाणा कुठे सरकला यावरून वर्षाचे भाकीत वर्तवतात.

भाकीत आणि परीक्षण या दोहोंत फरक आहे, आणि फिरता संदेश नेमका तोच पुसून टाकतो. भाकिताचा विषय येणारे वर्ष असते, तर परीक्षणाचा विषय हातातले बियाणे. भाकीत वाईट निघाले तर माणूस देवाला साकडे घालतो. परीक्षण वाईट निघाले तर तो बियाणे बदलतो.

मग घट यांपैकी कोणता? परीक्षणाच्या बाजूने बोलायचे तर गव्हाचे आणि हरभऱ्याचे बियाणे फाल्गुन-चैत्रात कणगीत किंवा राखेत घोळून मडक्यात जाते, मध्ये सबंध पावसाळा जातो, त्यात दमट हवा आणि किडा. पेरणी मात्र आश्विन-कार्तिकात. अशा वेळी नऊ दिवस आधी ते ओल्या मातीत टाकून पाहणे शहाणपणाचेच. पण घटात ज्वारी आणि मूगही पेरतात. खरिपाच्या त्या पिकांची पेरणी तेव्हा केव्हाच होऊन गेलेली असते, मूग तर घरात आलेलाही असतो. जव घटात असतो, आमच्याकडच्या शेतात नसतो. चैत्रातले जवारे आणखी अडचणीचे, कारण गहू नुकताच कापलेला आणि पुढची पेरणी सहा महिने लांब. आणि सर्वांत मोठी अडचण ही की घटात दाणे कोणी मोजून पेरत नाही. मूठभर धान्य दाट विखुरले की निम्मे कुजले तरी परडी भरलेलीच दिसते. मोजणी नसेल तिथे नजरेचा अंदाज असेल, परीक्षण नसेल.

याचा अर्थ घट बसवणाऱ्या स्त्रीला त्यातून काही कळत नव्हते असा नाही. कणगीत बियाणे भरणारे आणि ते परडीत पेरणारे हात बहुधा एकाच घरातले असत. गहू मागे राहिला आणि ज्वारी वर गेली, हे तिला दिसत असेलच. माझा आक्षेप एवढाच, की विधीचे कारण हे होते असे आपण तिच्या वतीने आज ठरवू नये.

परीक्षणाचा लेखी इतिहास पाहिला की आणखी एक गोष्ट उलगडते. जगातले पहिले बीजपरीक्षण केंद्र १८६९ साली सॅक्सनीत थारांट येथे फ्रिडरिश नोबे याने सुरू केले. का? बाजारातल्या बियाण्यात निर्जीव बी, खडे, वाट्टेल ते मिसळलेले सापडू लागले होते. त्याच वर्षी इंग्लंडने बियाण्यातील भेसळीविरुद्ध कायदा केला. मोजून शंभर दाणे उगवून पाहण्याची गरज तेव्हा पडली, जेव्हा बियाणे अनोळखी माणसाकडून येऊ लागले.

वर्धा जिल्ह्यात ही वेळ कपाशीने आणली. पूर्वी घरोघरी हातरेचीवर कापूस पिंजण्याआधी सरकी वेगळी होई आणि ती घरातच राही. पुढच्या वर्षीचे बियाणे तेच. १८६७ साली रेल्वे नागपूरपर्यंत पोचली, मागोमाग वाफेवर चालणारे सरकी कारखाने आले. कापूस न वेचलेल्या-निवडलेल्या ढिगांतून थेट कारखान्यात जाऊ लागला आणि सरकी तिथूनच परत विकत घ्यावी लागली, ती चार गावच्या चार वाणांची एकत्र झालेली. हिंगणघाटच्या नावाजलेल्या लांब धाग्याच्या कापसात भेसळ होते, अशी तक्रार इंग्रज अधिकारी करीत राहिले. पण बियाणे घराबाहेर गेले ते या यंत्रामुळे, याचा उल्लेख त्या मानाने थोडा होतो. पुढे १९६६ चा बियाणे कायदा आला, २००२ साली बीटी कपाशीला परवानगी मिळाली आणि कपाशीचे बी दरवर्षी पाकिटातून येऊ लागले.

सोयाबीनची गोष्ट मात्र उलट्या दिशेने चालली आहे. हे सरळ वाणाचे पीक. त्याचे बियाणे दोन-तीन वर्षे घरचे वापरता येते. परंतु त्याचे टरफल पातळ. मळणीत मार बसला, पोत्यांची थप्पी उंच लागली की उगवणशक्ती घटते. २०२० च्या खरिपात राज्यभर विकतचे सोयाबीन न उगवल्याच्या तक्रारी आल्या, दुबार पेरण्या झाल्या. तेव्हापासून कृषी विभाग अधिकच आग्रहाने सांगतो : घरचे बियाणे राखा आणि घरीच तपासा. ओले गोणपाट पसरायचे. त्यावर दहा-दहा दाण्यांच्या दहा ओळी मांडायच्या. वर दुसरे ओले गोणपाट, मग गुंडाळी करून सावलीत ठेवायची, पाणी शिंपडत राहायचे. आठवडाभराने उघडून चांगले कोंभ मोजायचे. सत्तर किंवा अधिक असतील तर शिफारशीइतके बियाणे पुरे, त्याहून कमी असतील तर त्या प्रमाणात वाढवायचे, फारच कमी असतील तर ते बियाणे सोडायचे.

घराच्या सावलीतला कोपरा, ओल, सात-आठ दिवस, पिवळे कोंभ. साहित्य जवळजवळ तेच, फक्त इथे मोजणी आहे.

दरम्यान बाजारात नवरात्राआधी सप्तधान्याच्या तयार पुड्या मिळू लागल्या आहेत, शहरांत तर सोबत काळ्या मातीची पिशवीही. त्या पुडीतला गहू कोणत्या शेतातला, कोणत्या वर्षाचा, हे घट बसवणाऱ्याला ठाऊक नसते. तुमच्या घरी घटाला कोणती धान्ये पेरतात, ती घरच्या बियाण्यातली असतात की पुडीतली, आणि आई-आजी पात्यांकडे पाहून काय म्हणतात, हे गावाच्या नावासह खाली लिहा. विदर्भाबाहेरच्या नोंदी विशेष हव्या आहेत.