पेडणे-डिचोलीची वनमाती : पोषक द्रव्ये आणि सूक्ष्मजीव

गोव्यातील बहुतांश वनभूमी जांभ्या दगडापासून घडलेल्या तांबड्या मातीची आहे. वर्षाला सरासरी ३,००० मिलिमीटरच्या आसपास कोसळणारा पाऊस या मातीतील कॅल्शियम, मॅग्नेशियम व पालाश धुऊन नेतो आणि मागे लोह व ॲल्युमिनियमची ऑक्साइडे उरतात. परिणामी माती आम्लधर्मी होते आणि स्फुरद या ऑक्साइडांशी जखडला जाऊन मुळांना सहज मिळत नाही.

तरीही येथे रान वाढते ते पालापाचोळ्याच्या बळावर. जिवाणू व बुरशी तो कुजवून नत्र मोकळे करतात. मायकोरायझा ही बुरशी मुळांशी सहजीवन साधते व आपल्या तंतूंनी दूरवरचा स्फुरद झाडापर्यंत पोहोचवते. गोवा विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्र विभागात या बुरशीवर दीर्घकाळ संशोधन झाले आहे.

भूरूपानुसार मातीचा कस बदलतो. पेडण्यातील सड्यांवर मातीचा थर पातळ असतो व पावसाळ्यानंतर तो लवकर सुकतो. तेथे सूक्ष्मजीवांचा बहर मुख्यतः पावसाळ्यापुरता असतो. उतारांच्या पायथ्याशी आणि देवरायांत सावली, ओल व कुजलेला पाला टिकतो, म्हणून सेंद्रिय कर्ब अधिक साचतो. काजूच्या बागेत तण काढताना पालाही जाळला, तर हा साठा घटतो.

डिचोलीत प्रश्न अधिक बिकट आहे. लोहखनिजासाठी डोंगर खोदताना वरची सुपीक माती खालच्या निःसत्त्व मुरुमात मिसळून डंपवर पडली. अशा ढिगांत सेंद्रिय कर्ब व नत्र अत्यल्प असते, पाणी टिकत नाही आणि सूक्ष्मजीवांना अन्न उरत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये ८८ खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द केले. पण यंत्रे थांबली म्हणून माती आपोआप जिवंत होत नाही. डंपवर आकेशिया लावून हिरवळ लवकर दिसते, मात्र स्थानिक रानाची विविधता त्यातून परतत नाही. वरची माती आधीच वेगळी राखणे, मायकोरायझायुक्त स्थानिक रोपे लावणे व पाला तसाच राहू देणे, हे अधिक टिकाऊ उपाय होत.

गोमंतकीय परंपरेत वारूळ म्हणजे रोयण हे सातेरी देवीचे रूप मानले जाते. पावसाळ्यात तेथेच उगवणारी अळमी ही वाळवीने वारुळात जोपासलेल्या बुरशीचे फळ असते. रोयण मोडली, की अळमीही जाते.