ख्रिस्तपुराणातील सृष्ट्युत्पत्तीची कथा : ख्रिस्ती श्रद्धेच्या पायाचा विचार

प्रस्तावना :
मराठी वाङ्मयाच्या इतिहासात फादर थॉमस स्टीफन्स यांच्या ‘ख्रिस्तपुराणा’चा उल्लेख बहुधा मराठी भाषेच्या स्तुतीपुरता होतो. त्या ओव्या वर्गात वाचून झाल्या की ग्रंथ मिटला जातो. त्यातील धर्मविचार हा केवळ प्रचाराचा भाग समजून बाजूला ठेवला जातो. परंतु या ग्रंथाची रचना त्या विचारावाचून समजत नाही. ख्रिस्ताची कथा सांगण्यासाठी स्टीफन्स यांनी सृष्टीच्या आरंभापासून सुरुवात का केली, हा प्रस्तुत लेखाचा प्रश्न आहे.

ग्रंथ व त्याची पार्श्वभूमी :
स्टीफन्स हे इंग्रज जेझुइट १५७९ मध्ये गोव्यात आले आणि १६१९ मध्ये तेथेच निवर्तले. त्यांचे कार्यक्षेत्र साष्टी होते. १५६७ मध्ये तेथील मंदिरे पोर्तुगीजांनी उद्ध्वस्त केली होती. नवख्रिस्ती समाजाची जुनी पुराणे त्यांच्याकडून हिरावली गेली होती आणि त्या जागी ऐकण्यासारखे काही नव्हते. ही पोकळी भरून काढण्यासाठी १६१६ मध्ये राचोल येथे हा ग्रंथ रोमन लिपीत छापला गेला. त्याच्या मूळ पोर्तुगीज शीर्षकाचा आशय ‘तारक येशू ख्रिस्ताच्या जगात येण्याविषयीचे विवेचन’ असा आहे. तरीही सुमारे अकरा हजार ओव्यांच्या या ग्रंथातील ९५ अवस्वरांपैकी ३६ अवस्वरांचे ‘पहिले पुराण’ ख्रिस्तपूर्व कथेला दिलेले आहे. सृष्टिनिर्मिती, आदाम व एवा यांचा प्रमाद आणि तारकाची दीर्घ प्रतीक्षा असा त्याचा क्रम आहे.

सर्ग आणि उत्पत्ती :
भारतीय परंपरेनुसार पुराणाची पाच लक्षणे असून त्यांत पहिले ‘सर्ग’, म्हणजे सृष्टीची उत्पत्ती, हे आहे. बायबलचा पहिला ग्रंथही मराठीत ‘उत्पत्ति’ याच नावाने ओळखला जातो. श्रोत्यांच्या ओळखीचा साचा आणि धर्मग्रंथाचा स्वतःचा क्रम असे येथे जुळून आले. मात्र हे साम्य बाह्य आहे.

अंतरीचा भेद आपल्या मराठवाड्यातील एका ग्रंथाशी तुलना केली असता स्पष्ट होतो. स्टीफन्स यांच्या आधीच्या पिढीतील पैठणच्या संत एकनाथांनी (मृत्यू १५९९) ‘चतुःश्लोकी भागवता’त ब्रह्मदेवाला झालेला उपदेश ओवीबद्ध केला. सृष्टीपूर्वी केवळ नारायण होता, सृष्टिरूपानेही तोच आहे आणि शेवटी उरणाराही तोच, असा त्याचा भावार्थ आहे. ‘उत्पत्ति’मधील परमेश्वरही सृष्टीपूर्वी आहे, परंतु सृष्टी म्हणजे तो नव्हे. आपल्या दर्शनांच्या परिभाषेत सांगावयाचे तर न्यायमतात ईश्वर निमित्तकारण व परमाणू उपादानकारण असतात, तर अद्वैतमतात ब्रह्म हेच दोन्ही असते. ख्रिस्ती मतात ईश्वर निमित्तकारण असून उपादान मुळी नाहीच, कारण त्याने शून्यातून सृष्टी घडविली. १८४८ मध्ये ख्रिस्ती झालेल्या नीलकंठशास्त्री गोरे यांनी ‘षड्दर्शनदर्पण’ (१८६०) या ग्रंथात दर्शनांशी जो वाद घातला, त्याच्या केंद्रस्थानी हाच मुद्दा होता.

श्रद्धेचा पाया :
या भेदावर पुढील सर्व सिद्धांत उभे आहेत. सृष्टी परमेश्वराहून भिन्न, तरीही त्याच्या दृष्टीने चांगली असल्यामुळे दुःख हा भ्रम ठरत नाही आणि पापाचा दोषही ईश्वराकडे जात नाही. मनुष्य ईश्वराच्या प्रतिरूपात निर्माण झाला म्हणून तो उत्तरदायी आहे, आणि त्याने आज्ञाभंग केला म्हणून त्याला तारकाची गरज आहे. पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या पाचव्या अध्यायात आदाम व ख्रिस्त समोरासमोर ठेवले ते याच कारणाने. आदामाची कथा वगळली, तर क्रूसावरील मृत्यू हा एका सज्जनाचा छळ एवढाच उरतो. ‘दुसऱ्या पुराणा’चा अर्थ ‘पहिल्या पुराणा’त दडलेला आहे तो असा.

उलट बाजूने महात्मा फुले यांचे उदाहरण उद्बोधक आहे. त्यांच्या मृत्यूनंतर १८९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तका’त ‘निर्मीक’ ही संकल्पना मध्यवर्ती आहे. एकाच निर्मीकाने सर्व स्त्रीपुरुष निर्माण केले, म्हणून सर्वांचे हक्क समान, असे त्यांचे प्रतिपादन आहे. तथापि कोणताही धर्मग्रंथ ईश्वरनिर्मित आहे, हे त्यांनी मानले नाही. त्यांनी निर्माता स्वीकारला, पण आदिपापाची कथा स्वीकारली नाही. त्यामुळे त्यांना तारकाची आवश्यकता भासली नाही. सृष्टिनिर्मितीच्या विचारातून समता सिद्ध होऊ शकते. परंतु ख्रिस्ती श्रद्धा उभी राहण्यास निर्मिती व पतन या दोन्ही गोष्टी लागतात, हे या तुलनेवरून दिसते.

निष्कर्ष :
जग किती दिवसांत झाले, हा प्रश्न विज्ञानाच्या कक्षेत येतो आणि उत्क्रांतीच्या सिद्धांतानंतर सहा दिवसांचा शब्दशः अर्थ अनेक ख्रिस्ती विचारवंतही घेत नाहीत. उत्पत्तिकथेचे श्रद्धेतील स्थान मात्र निर्माता व मनुष्य यांच्या संबंधात आहे. स्टीफन्स यांनी हा संबंध ओवीतून मांडला. ज्यांची पुराणे बळाने नाहीशी झाली, त्यांच्यासाठी तो मांडला गेला, हे दुःखद वास्तवही विसरता येत नाही. भाषास्तुतीच्या ओव्यांबरोबर ‘पहिल्या पुराणा’तील एखादा अवस्वर वर्गात वाचला गेला, तर विद्यार्थ्यांना या दोन्ही गोष्टी उमगतील.