शेवाळ : एक नाव, अनेक जीव

'शेवाळ' हा शब्द संस्कृत 'शैवल' शब्दावरून मराठीत आला, हे सर्वविदित आहे. पावसाळ्यात भिंतीवर चढणारी मखमली हिरवळ, विहिरीच्या पायऱ्यांवरील निसरडा थर, तळ्यातील तंतूंचे पुंजके आणि मत्स्यपेटीच्या काचेवर धरणारे तपकिरी किटण या सर्वांना व्यवहारात आपण हे एकच नाव देतो. वास्तविक पहिली वस्तू बहुधा शेवाळी वर्गातील वनस्पती असते, तर शेवटची डायाटम नामक एकपेशीय जीवांची वसाहत असते. व्यवहाराला एवढा ढोबळपणा चालतो. परंतु ज्याला पाणी स्वच्छ राखावयाचे आहे, त्याला तो महाग पडतो. नामकरण आणि उपचार यांचा हा संबंध इतिहासाच्या आधारे पाहणे, एवढाच या टिपणाचा हेतू आहे.

हा ढोबळपणा केवळ मराठीचा नव्हे. लॅटिन 'आल्गा' या शब्दाचा मूळ अर्थ समुद्रात उगवणारे गवत एवढाच होता. गोड्या पाण्यातील तंतुमय वाढीला प्लिनीने 'कॉन्फर्वा' म्हटले, ते तिच्या रूपावरून नव्हे, तर मोडलेले हाड सांधण्याच्या तिच्या कथित गुणावरून. लिनीअसने १७५३ साली 'आल्गी' हा गण मांडला, तेव्हा त्यात दगडफुले व यकृतकाही समाविष्ट झाली. विल्यम हार्वी या आयरिश वनस्पतिशास्त्रज्ञाने १८३६ साली रंगाच्या आधारे विभागणी केली आणि ओळखीला प्रथमच काहीसा स्थिर निकष मिळाला.

उपचाराचा इतिहास याला समांतर चालतो. लंडनमधील रसायनज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन याने १८५० साली आपल्या काचपात्रातील प्रयोग प्रसिद्ध केला. पात्रात मासे होते व पाणवनस्पती होती. तरीही कुजणाऱ्या पानांमुळे पाणी गढूळ होऊन बुळबुळीत वाढ माजली. त्याने पाण्यात गोगलगायी सोडल्या. त्यांनी कुजकी पाने व ती वाढ खाऊन टाकली आणि पाणी निवळले. येथे शत्रूचा नाश करण्यापेक्षा जीवांचा समतोल साधण्यावर भर होता, हे ध्यानात घेण्याजोगे आहे.

विसाव्या शतकाच्या आरंभी दृष्टी पालटली. अमेरिकेच्या कृषिखात्यातील जॉर्ज मूर व कार्ल केलरमन यांनी १९०४ साली मोरचुदाने जलाशयातील शैवल मारण्याची पद्धती प्रसिद्ध केली. ती स्वस्त व सोपी असल्यामुळे सर्वत्र पसरली. परंतु तिच्यात एक गृहीत दडलेले होते : जे हिरवे दिसते ते सर्व एकाच जातीचे उपद्रवी, आणि मेले की निरुपद्रवी. या गृहीताची किंमत १९७९ साली ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलंडजवळच्या पाम बेटावर मोजावी लागली. तेथील वस्ती मुख्यतः आदिवासींची. धरणाच्या पाण्यात शैवल माजल्यामुळे त्यात मोरचूद टाकण्यात आला. त्यानंतर काही दिवसांतच १३८ मुले व १० प्रौढ यकृत व मूत्रपिंडे यांच्या विकाराने आजारी पडले. पुढे त्या धरणात सिलिंड्रोस्पर्मॉप्सिस हा नील-हरित जीव आढळला, १९८५ साली त्याची विषारिता प्रसिद्ध झाली आणि १९९२ साली त्याचे विष वेगळे काढण्यात आले. तांब्याने पेशी फुटतात आणि पेशीतील विष पाण्यात मिसळते; पाम बेटावर हेच घडले, असे बहुतेक संशोधक मानतात. विशेष हे की, नील-हरित जीव वस्तुतः जिवाणू होत, हा विचार रॉजर स्टॅनियर प्रभृती शास्त्रज्ञ त्याच दशकात आग्रहाने मांडीत होते. नाव मात्र जुनेच चालू राहिले.

याउलट, नेमक्या ओळखीने काय साधते, हे अमेरिकेतील सिॲटल शहरालगतच्या वॉशिंग्टन सरोवराने दाखविले. १९५५ साली तेथे ऑसिलेटोरिया रुबेसेन्स ही जाती आढळली. 'रुबेसेन्स' म्हणजे तांबूस होणारी. याच जातीने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस स्वित्झर्लंडच्या झुरिक सरोवरात सांडपाण्यामागोमाग ठाण मांडले होते. त्यामुळे डब्ल्यू. टी. एडमंडसन यांना पुढील अनर्थाचा अंदाज करता आला. विष घालण्याऐवजी १९६३ ते १९६८ या काळात सरोवरात येणारे सांडपाणी अन्यत्र वळविण्यात आले. त्याबरोबर फॉस्फरसाचा पुरवठा तुटला, आणि १९७० च्या दशकात सरोवर पुन्हा नितळ झाले.

या दोन उदाहरणांतील भेद औषधाचा नाही, प्रश्नाचा आहे. पहिल्या ठिकाणी 'हे कसे मारावे?' असे विचारले गेले. दुसऱ्या ठिकाणी 'हे कोण, आणि येथे कशावर जगते?' असे. घरच्या तळ्याशीही प्रश्नांचा क्रम हाच असावयास हवा. काठीला गुंडाळून वर येतात ते तंतू उपसून काढता येतात. काठी बुडवून ओढली असता रंगासारखे काठीला माखते, ते नील-हरित असण्याचा संभव असतो. तेथे सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यावाचून मोरचुदाला हात लावू नये, व ते पाणी गुरांनाही पाजू नये. मत्स्यपेटीत प्रकाश व अन्न कमी करणे हा प्रथमोपचार होय.

शब्दाचा अर्थ लोकव्यवहार ठरवितो, आणि 'शेवाळ' हा शब्द व्यवहारातून काढून टाकावा असे कोणीही म्हणणार नाही. मात्र वस्तूला नाव दिले म्हणजे ती ओळखली, हा भ्रम भाषेच्या अभ्यासकाला जितका घातक आहे, तितकाच पाण्याच्या रक्षकालाही आहे.