डेट्रॉइटच्या नकाशांतील मुले

नकाशा म्हटला की नद्या, डोंगर आणि राज्यांच्या सीमा आपल्या डोळ्यांसमोर येतात. अमेरिकेतील डेट्रॉइट शहरात 1971 साली प्रसिद्ध झालेल्या एका नकाशावर मात्र मुले मोटारींखाली सापडली ती ठिकाणे दाखवली होती. शीर्षकात ‘अपघात’ हा शब्द नव्हता. पॉइंट्स ते शहराचा मध्यभाग या वाटेवर ये-जा करणारे नोकरदार कृष्णवर्णीय मुलांना कोठे चिरडतात, असे त्यात सरळ म्हटले होते. पॉइंट्स म्हणजे ग्रोस पॉइंट नावाची श्रीमंत गोऱ्या वस्तीची उपनगरे.

हा नकाशा ‘डेट्रॉइट भौगोलिक मोहिमे’चा. जुलै 1967 मधील उद्रेकात या शहरात 43 माणसे मृत्युमुखी पडली होती. पुढच्याच वर्षी विल्यम बंगी हे भूगोलतज्ज्ञ आणि ग्वेंडोलिन वॉरेन ही कृष्णवर्णीय वस्तीतील तरुण कार्यकर्ती यांनी मोहीम उभी केली. बंगी हे काही भावनेच्या भरात वाहून जाणारे गृहस्थ नव्हेत. भूगोलाला गणिती पाया देऊ पाहणारा त्यांचा ग्रंथ 1962 साली आला होता. ‘मोहीम’ हे नावही मुद्दाम घेतलेले. शोध घ्यायचा तो दूरच्या बेटांचा नव्हे, विद्यापीठापासून हाकेच्या अंतरावरील गल्ल्यांचा, आणि वाटाडे तेथलेच रहिवासी. मिशिगन राज्य विद्यापीठाच्या साहाय्याने वस्तीतील तरुणांसाठी मोफत वर्ग सुरू झाले व त्यांचे श्रेयांक पदवीसाठी धरले जाऊ लागले.

काय मोजायचे हे वस्तीतल्यांनी ठरवले. कोणत्या भागात उंदीर बाळांना चावतात, अंगणांत फुटक्या काचा किती पसरल्या आहेत, याचेही नकाशे झाले. मोटारींच्या अपघातांची माहिती पोलिसांकडे होती, पण ती मिळवायला राजकीय वजन वापरावे लागले. पोलिसांच्या नोंदीत प्रत्येक अपघात सुटा होता. नकाशावर त्यांचा रस्ता दिसू लागला. आमच्या मते या नकाशांतील कल्पकता चित्रकलेची नव्हे, प्रश्न निवडण्याची आहे.

मोहिमेचे सर्वांत अवघड काम मात्र भविष्याचे होते. 1969 च्या राज्य कायद्यानुसार डेट्रॉइटच्या शाळांचे प्रभाग पाडून प्रत्येकाला निवडून आलेले मंडळ द्यायचे होते. एका प्रभागात 25,000 ते 50,000 विद्यार्थी असावेत, अशी अट होती. तेव्हा शाळांतील सुमारे 64 टक्के मुले कृष्णवर्णीय होती, पण शहराच्या लोकसंख्येत कृष्णवर्णीय सुमारे 44 टक्केच, म्हणजे मतांचे पारडे गोऱ्यांकडे झुकलेले. तेव्हा रेषा कोठे ओढायच्या? शाळांची क्षेत्रे एकमेकांना जोडून कायद्यात बसणाऱ्या रचना संगणकाने काढता येत होत्या. त्यांतली चांगली कोणती, हे संगणक सांगत नाही. (विद्यार्थ्यांना हे जरूर करून पाहायला द्यावे. दहा चौकोनांचे सलग तुकडे पाडण्याचे मार्गही थक्क करणारे निघतात.) मोहिमेने आपली कसोटी उघडपणे मांडली: आपल्याविषयी आस्था असणाऱ्या मंडळाखाली जास्तीत जास्त मुले यावीत. तिच्यावर वाद घालता येतो. काळी आणि गोरी मुले एकाच शाळेत यावीत, ही दुसरी कसोटी धरली तर वेगळा नकाशा निघतो. डेट्रॉइटच्या शिक्षण मंडळाने एप्रिल 1970 मध्ये त्याच दिशेने पाऊल टाकले. मोहिमेचा अहवाल त्याच वर्षी पालकांना उद्देशून निघाला.

यांपैकी काहीच टिकले नाही. जुलै 1970 मध्ये राज्याच्या कायदेमंडळाने शिक्षण मंडळाची योजना रद्द करून आठ प्रभाग पाडण्याचे ठरवले, आणि मंडळाच्या चार सदस्यांना मतदारांनी परत बोलावले. विद्यापीठाने पाठबळ काढून घेतल्यावर वर्गही बंद पडले. शाळांच्या एकत्रीकरणाचा वाद पुढे सर्वोच्च न्यायालयात गेला. शहर आणि उपनगरे यांच्यातील शाळांची सीमा ओलांडून मुलांची वाटणी करता येणार नाही, असा निर्णय न्यायालयाने 1974 मध्ये पाच विरुद्ध चार मतांनी दिला. ये-जा करणाऱ्यांच्या मोटारी ती सीमा रोज ओलांडत होत्या.