मींड मागणारी गिटार

विजेवरची गिटार चर्चमध्ये असावी की नसावी, हा वाद आमच्या अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यात अधूनमधून डोके वर काढतो. वाद्य परके आहे, अशी वडीलधाऱ्यांची हरकत असते; आणि ती बहुधा पेटीवर भजन म्हणून झाल्यावर घेतली जाते! वास्तविक पेटी पॅरिसची. अलेक्झांडर दबँ यांनी १८४२ साली तिचे पेटंट घेतले, तेव्हा तिचा भाता पायाने चालवावा लागे. कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांनी १८७५ मध्ये तो हाताशी आणला आणि मांडी घालून बसणाऱ्या भजनकऱ्याला ती वाजवता येऊ लागली. तरीही मींड तिच्यातून निघत नाही. या व अशाच कारणांनी १९४० पासून १९७१ पर्यंत आकाशवाणीने तिला दूर ठेवले होते.

गिटारीचे नेमके उलटे आहे. १९३० च्या दशकारंभी अमेरिकेत रिकनबॅकर यांच्या कारखान्यात विजेची जी गिटार बनली, ती हवाई पद्धतीची, मांडीवर आडवी ठेवून तारांवर पोलादी कांडी सरकवण्याची होती. तारेखाली लोहचुंबक आणि तांब्याच्या तारेचे वेटोळे. तार थरथरली की त्यात क्षीण प्रवाह उठतो आणि ध्वनिवर्धक तो मोठा करतो. कांडी सरकते, तिथे सूर तुटत नाही. आपल्या गायकीला हवे होते ते हेच.

लखनौच्या ख्रिस्ती कुटुंबात १९२७ साली जन्मलेले व्हॅन शिप्ली अल्लाउद्दीन खाँ व अली अकबर खाँ यांच्याकडे शिकले आणि मुंबईच्या चित्रपटसृष्टीत आले. सहा तारा पुरेनात, म्हणून त्यांनी आठ तारांची विजेची गिटार स्वतः आखली. तिच्यावर वाजवलेल्या चित्रगीतांच्या त्यांच्या ध्वनिमुद्रिका गाजल्या; काहींत पुण्याच्या इनॉक डॅनियल्स यांचा अकॉर्डियन आहे. मुंबईतच २००८ मध्ये शिप्ली वारले.

ब्रिजभूषण काब्रा यांना वडिलांनी गिटार शिकू दिली ती एका अटीवर, की तिच्यावर केवळ शास्त्रीय संगीत वाजवायचे. त्यांच्या गिब्सन गिटारीच्या नावातच चारशे हा आकडा आहे, कारण मूळ किंमत चारशे डॉलर होती. संग्राहक असल्या वाद्याला ओरखडाही येऊ देत नाही. काब्रांनी तारा पडद्यांवरून उंच उचलल्या, चिकारी बसवली आणि १९६७ मध्ये संतूर व बासरीच्या जोडीला 'कॉल ऑफ द व्हॅली'त ती वाजवली.

द्वितीय व्हॅटिकन परिषदेने १९६३ च्या उपासनाविषयक संविधानात पाइप ऑर्गनचा मान राखूनही, पवित्र उपयोगास योग्य अशा इतर वाद्यांना वाट मोकळी ठेवली आहे. तेव्हा हरकत घ्यायचीच तर ती वाजवण्याच्या रीतीला घ्यावी, असे आमचे मत. आमच्या गायकवृंदातली मुले पडद्यांवर बोटे रोवून ठोके देतात. ती मांडीवर आडवी घेणारा अजून आम्हांला दिसलेला नाही.